निर्जंतुक वेष्टनाच्या परीक्षेचा इतिहास

शस्त्रक्रियेचे साहित्य निर्जंतुक करणे आणि ते वापराच्या क्षणापर्यंत निर्जंतुक राखणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि त्यांपैकी दुसऱ्याची शास्त्रशुद्ध परीक्षा पहिल्याच्या मानाने बरीच उशिरा सुरू झाली. शार्ल शांबरलां यांनी 1879 मध्ये ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालील वाफेने जंतू मारणारे पात्र, सिद्ध केले. पुढे बर्लिनमध्ये कुर्ट शिमेलबुश यांनी पट्ट्या-बोळ्यांसाठी धातूचा ड्रम प्रचारात आणला, ज्याची भोके वाफ देताना उघडी ठेवून नंतर बंद करता येत. 1963 मध्ये पुढे आलेली बोवी-डिक चाचणी टॉवेलांच्या गठ्ठ्यात ठेवलेल्या रंग बदलणाऱ्या पट्टीवरून वाफ सर्वत्र पोहोचली की नाही, हे सांगत असे. नंतर जंतू आत शिरतील का, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा होता.

एकदाच वापरून टाकायच्या सुया, नळ्या आणि सिरिंज कारखान्यातच बंद पाकिटात निर्जंतुक होऊ लागल्यावर हा प्रश्न टाळता येईना. इथिलीन ऑक्साइड वायूला आत वाट देऊन जंतूंना अडवणारे सच्छिद्र आवरण लागते. त्यासाठी विशेष कागद आणि 1967 पासून व्यापारी उत्पादनात आलेले टायव्हेक, म्हणजे पॉलिइथिलीनच्या सूक्ष्म तंतूंचे पत्रे, उपयोगी पडले. गॅमा किरण मात्र बंद खोक्याच्याही आरपार जातात. भाभा अणुसंशोधन केंद्राचा मुंबईतील 'आयसोमेड' हा प्रकल्प 1974 पासून याच तत्त्वावर चालू झाला. तथापि किरणांनी काही प्लॅस्टिके ठिसूळ होत असल्याने पाकिटाची परीक्षा किरणन झाल्यावरच घ्यावी लागते.

पाकीट फोडून आतली वस्तू तपासली, तर ती वस्तू वापरातून बाद होते आणि उरलेल्या पाकिटांविषयी फारसे कळत नाही. म्हणून परीक्षकांनी आपले लक्ष सांध्याकडे वळवले. सांध्याची सुमारे 25 मिलिमीटर रुंदीची पट्टी यंत्राने ओढून तो उकलण्यास लागणारे बल मोजतात. रंगद्रव्याच्या चाचणीत सांध्यातील सुमारे 50 मायक्रॉन रुंदीची वाटही उघडी पडते, तर पाण्याखाली पाकिटात हवा भरून बुडबुडे पाहण्याची पद्धत सुमारे 250 मायक्रॉनपर्यंतची छिद्रे दाखवते. मुदतीची परीक्षा उष्णतेने लवकर उरकतात: दर 10 अंश सेल्सिअसला झीज दुप्पट होते असे गृहीत धरल्यास, 25 अंशांवरील एका वर्षाऐवजी 55 अंशांवरचे सुमारे 46 दिवस पुरतात, परंतु हे अनुमानच असल्यामुळे प्रत्यक्ष कालावधीची चाचणीही सोबत चालू ठेवावी लागते.

या पद्धतींना आयएसओ 11607 या मानकाने 1997 मध्ये एक सामाईक चौकट दिली. 2006 मध्ये त्याचे दोन भाग झाले, त्यांत पहिला साहित्य व रचनेचा, तर दुसरा पाकीट घडवण्याच्या आणि सीलबंद करण्याच्या प्रक्रियेचा. या विभागणीतून दीर्घ अनुभवाचा निष्कर्ष स्पष्ट होतो: निर्जंतुकतेची हमी केवळ अखेरच्या तपासणीवर सोपवता येत नाही, ती सांधा जोडणाऱ्या यंत्राच्या तापमान, दाब आणि वेळ यांवरील नियंत्रणातूनच निर्माण करावी लागते.