स्विंडन : कारखान्याने वसविलेले नगर

लंडनहून ब्रिस्टलकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, राजधानीच्या पश्चिमेस ७७ मैलांवर असलेले विल्टशर परगण्यातील स्विंडन हे १८४० पर्यंत टेकडीवरचे एक सामान्य बाजाराचे गाव होते. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीच्या इंजिनखात्याचा तरुण अधीक्षक डॅनियल गूच याने मुख्य अभियंता ब्रूनेल यास एक पत्र लिहिले, आणि टेकडीखालच्या कुरणांचे भवितव्य त्या पत्राने ठरून गेले. चेल्टनहॅमचा फाटा येथेच मुख्य मार्गास मिळतो. लंडनपासून येथवरचा मार्ग जवळजवळ सपाट असून पुढे चढउतार लागतात, तेव्हा इंजिने बदलण्यास हीच जागा सोयीची. आणि कोळसा आणण्यास कालवा शेजारीच आहे, असे त्याचे म्हणणे होते. संचालकांनी ते मान्य केले, २ जानेवारी १८४३ रोजी कारखाना रीतसर सुरू झाला, आणि १८४६ साली 'ग्रेट वेस्टर्न' हे संपूर्णपणे तेथेच घडलेले पहिले इंजिन बाहेर पडले.

कामगारांना राहावयास घरे हवी होती आणि कंपनीजवळ पैसा नव्हता. म्हणून रिग्बी नामक ठेकेदारांशी असा करार झाला, की त्यांनी स्थानक आणि सुमारे ३०० घरे स्वखर्चाने बांधावीत, मोबदल्यात घरांचे भाडे घ्यावे व स्थानकावरील उपाहारगृहाचा मक्ता ९९ वर्षे उपभोगावा, आणि कंपनीने आपली नेहमीची प्रत्येक उतारू गाडी येथे दहा मिनिटे थांबवावी. पुढे वेगाची चढाओढ सुरू झाल्यावर ही दहा मिनिटे कंपनीस इतकी जाचू लागली, की १८९५ मध्ये १ लाख पौंड मोजून तिने तो मक्ता सोडवून घेतला. घाईत लिहून दिलेला एक कागद अर्धशतकाच्या वेळापत्रकावर अंमल गाजवितो, याचे इतके बोलके उदाहरण रेल्वेच्या इतिहासात विरळाच. ती दगडी घरे मात्र आजही ओळीने उभी आहेत.

कारखान्याच्याच एका जुन्या इमारतीत २००० साली 'स्टीम' हे संग्रहालय उघडले. तेथे १९२३ चे 'कॅरफिली कॅसल' हे इंजिन आहे, आणि १९२७ साली अमेरिकेतील बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या शतसांवत्सरिक उत्सवास जाऊन सन्मानाची घंटा घेऊन आलेले 'किंग जॉर्ज द फिफ्थ' हे भव्य इंजिनही आहे. पण मला त्यांच्याहून अधिक विचार करावयास लावले ते 'नॉर्थ स्टार'ने. सात फुटी रुंद मार्गावर धावलेले, स्टीफन्सनच्या कारखान्यातून आलेले हे आद्य इंजिन १८७१ मध्ये सेवेतून काढल्यावर स्विंडनमध्ये आदराने जपून ठेवले होते. १९०६ साली जागा अडते म्हणून ते मोडीत काढण्यात आले, आणि १९२५ मध्ये, रेल्वेच्या शताब्दीच्या वेळी, त्याच कारखान्याने इतस्ततः उरलेले जुने भाग गोळा करून त्याची प्रतिकृती उभारली. आज आपण पाहतो ती ही प्रतिकृती. ज्यांच्या हातून मूळ वस्तू नष्ट झाली त्यांनाच ती पुन्हा घडवावी लागली, हा प्रसंग प्रत्येक संग्रहालयाच्या दारावर कोरून ठेवण्याजोगा आहे.

लोखंडापाशी माणसांची गर्दी सहज होते. हजेरीच्या पितळी बिल्ल्यांपाशी फार थोडे थांबतात. वस्तुतः या नगराचा इतिहास त्या बिल्ल्यांत आहे. कारखान्यात शिरताना प्रत्येकाने आपला क्रमांक कोरलेला बिल्ला उचलावयाचा, उशीर झाला तर वेतनात कपात सोसावयाची, आणि हे सारे एका भोंग्याच्या हुकमतीखाली. तो भोंगा आसपासच्या खेड्यांपर्यंत इतका घुमे, की झोपमोड होते म्हणून शेजारच्या जमीनदार लॉर्ड बोलिंगब्रोक यांनी तक्रार करून त्याचा परवाना रद्द करविला. तरी भोंगा काही बंद पडला नाही.

याच कारखान्यात वाफेच्या घणाच्या खात्यात अल्फ्रेड विल्यम्स नावाचा एक कामगार २३ वर्षे तापल्या लोखंडाशी झुंजला. भट्टीपाशी खडूने ग्रीक अक्षरे लिहून तो ती भाषा शिकला. प्रकृती ढासळल्यावर १९१४ साली त्याने काम सोडले आणि पुढच्याच वर्षी कारखान्यातील जीवनाचे निर्भीड वर्णन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. महायुद्धात तोफखान्याबरोबर तो हिंदुस्थानात आला, येथील जीवनाने भारला गेला, आणि मायदेशी परतल्यावर दारिद्र्यात संस्कृत शिकून त्याने पंचतंत्रातील कथा इंग्रजीत आणल्या. १९३० मध्ये ते पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी त्याचा अंत झाला. विष्णुशर्म्याच्या कथा ज्याने घणाच्या घट्ट्यांनी भरलेल्या हातांनी उतरविल्या, त्याचे नाव मराठी वाचकास ठाऊक असू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अशी माणसे आकस्मिक निपजत नाहीत. १८४४ साली कामगारांनी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन स्थापन केली. १८५५ मध्ये तिची स्वतंत्र इमारत झाली. वाचनालय, व्याख्याने, नाटके सारे तेथे चाले. १८४७ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय निधीत दर आठवड्यास वेतनातून थोडी रक्कम जमा होई, आणि तिच्या बळावर पुढे डॉक्टर, औषधे, रुग्णालय, स्नानगृहे यांची व्यवस्था उभी राहिली. १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा आली तेव्हाच हा निधी विसर्जित झाला. १८४९ मध्ये सुमारे ५०० जणांच्या ऑक्सफर्डच्या सहलीपासून वार्षिक सुटीची प्रथा पडली, आणि जाणाऱ्यांची संख्या पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पंचवीस हजारांच्या घरात गेली. खास गाड्यांनी अवघे नगर समुद्रकिनारी जाई आणि दुकाने ओस पडत. त्या सुटीचे वेतन मात्र फार उशिरापर्यंत मिळत नसे, हेही विसरता कामा नये.

ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेले अखेरचे वाफेचे इंजिन 'इव्हनिंग स्टार' मार्च १९६० मध्ये येथूनच बाहेर पडले, आणि २६ मार्च १९८६ रोजी कारखाना बंद झाला. त्याच्या काही कार्यशाळांत आता बाजारपेठ आहे. इंजिनांना छप्पर मिळाले. परंतु ज्या वास्तूत कामगार वाचावयास शिकले ती मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन १९८६ पासून वर्षानुवर्षे रिकामी पडून जीर्ण झाली, आणि माझ्या मते स्विंडनच्या वारसाजतनातील ही सर्वांत मोठी उणीव आहे.

आपल्याकडे परळची रेल्वे कार्यशाळा १८७९ पासूनची. लालबाग-परळच्या अनेक घरांत आजोबांचा बिल्ला, सेवापुस्तक, पतपेढीची वही अजून पेटीत पडून असेल. ज्यांच्या घरी अशी वस्तू आहे त्यांनी ती मोडीत देऊ नये. तिच्यासोबत त्या माणसाचे नाव, खाते आणि नोकरीची वर्षे लिहून ठेवावीत.