चारही चाकांची ओढ : माझगाव ते रांजणगाव

मोटारीच्या चारही चाकांना इंजिनाची ओढ देणाऱ्या रचनेला फोर-व्हील ड्राइव्ह म्हणतात. साध्या मोटारीत ही ओढ दोनच चाकांना मिळते. उरलेली दोन नुसती मागोमाग फिरतात. चिखलात, वाळूत किंवा ओल्या गवतावर ओढणारी चाके जागच्या जागी गरगरू लागली की गाडी रुतते. ओढ पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही आसांना मिळाली, तर एका आसाची पकड सुटली तरी दुसरा गाडी बाहेर काढतो.

या सोयीची किंमत वळणावर मोजावी लागते. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. दोन्ही आस एकमेकांना घट्ट जोडलेले असतील, तर हा फरक कुठेतरी जिरावा लागतो. चिखलात चाक थोडे घसरते आणि तो जिरून जातो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, त्यामुळे सगळा ताण दांड्यांत आणि गिअरांत साठतो, टायर घासतात, स्टिअरिंग जड होते. चार चाकांच्या ओढीचा पुढचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो. अशी गाडी घरात किती वर्षे टिकते, तेही बव्हंशी यावरच ठरते.

पेट्रोल इंजिनाची ओढ चारही चाकांना देणारी पहिली मोटार म्हणून नेदरलँड्समधील स्पायकर बंधूंच्या 1903 सालच्या गाडीचे नाव घेतले जाते. ती शर्यतीसाठी बांधली होती. पहिल्या महायुद्धात अशा रचनेचे अमेरिकी ट्रक आघाडीवर धावले. सामान्य माणसाच्या आटोक्यातली, लहान आणि हलकी गाडी मात्र दुसऱ्या महायुद्धाने दिली. 1940 च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्याने टेहळणीसाठी हलक्या वाहनाची मागणी 135 कंपन्यांपुढे ठेवली. नमुना 49 दिवसांत हवा होता. पेनसिल्व्हेनियातील बॅन्टम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या आराखड्यावर तो सप्टेंबरमध्ये वेळेत हजर केला. पण प्रचंड उत्पादनाची ऐपत बॅन्टमकडे नव्हती. मोठी कामे विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडे गेली. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या.

त्या जीपमध्ये 2.2 लिटरचे, 60 अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे होते. एकाने पुढचा आस जोडायचा किंवा सोडायचा, दुसऱ्याने जड कामासाठी मंद गती लावायची. हे दोन्ही दांडे ट्रान्स्फर केस नावाच्या जोड-पेटीत उतरत. दोन आसांमधला फरक जिरवणारी कोणतीही सोय त्या पेटीत नव्हती. पुढचा आस कधी लावायचा आणि कधी सोडायचा, हे यंत्राने नाही तर चालवणाऱ्याने ठरवायचे. साधेपणा हेच तिचे बळ होते, पण त्या साधेपणात मालकाच्या शहाणपणाचा वाटा गृहीत धरलेला होता.

भारतात ही गाडी रुजली ती मुंबईतून. कैलासचंद्र महिंद्रा युद्धकाळात भारताच्या खरेदी मोहिमेसाठी अमेरिकेत होते, तिथे त्यांनी जीप जवळून पाहिली. 1945 मध्ये त्यांनी, त्यांचे बंधू जगदीशचंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. स्वातंत्र्याच्या सुमारासच्या दोन-तीन वर्षांत माझगावात विलिस जीपचे सुटे भाग पेट्यांतून उतरू लागले आणि गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. हळूहळू भाग इथेच घडू लागले. 1953 साली अमेरिकेत उंच बॉनेटची सीजे-3बी आली. तिच्या नव्या इंजिनाची उंची वाढल्याने बॉनेट वर उचलावे लागले होते. अमेरिकेत हे मॉडेल 1968 मध्ये थांबले. भारतात त्याच साच्यातल्या गाड्या त्यानंतर कित्येक दशके बनत राहिल्या.

याचे कारण देशातल्या रस्त्यांत होते. गावागावांत डांबर पोहोचले नव्हते. वनखाते, पाटबंधारे, पोलीस, महसूल या सगळ्यांना पावसाळ्यातही पोहोचणारे वाहन हवे होते. 1962 मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्यावर ग्रामीण कारभाराचा व्याप वाढला आणि सरकारी जीप हे गावात ‘साहेब’ येण्याचे चिन्ह बनले. साखर कारखाने, बागायतदार, कंत्राटदार यांनीही जीप घेतली. मोटारीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागणाऱ्या त्या काळात शेतावर जाणारी, ट्रॉली ओढणारी आणि सणासुदीला घरच्या मंडळींना देवदर्शनाला नेणारी एकच गाडी परवडण्यासारखी होती. चार चाकांची ओढ घरात शिरली ती अशी, कामाच्या वाटेने.

1970 च्या दशकातील तेलसंकटांनी पेट्रोल जीप पोसणे अवघड केले. सरकारी धोरणाने डिझेल स्वस्त राहिले होते, त्यामुळे डिझेल इंजिनाची मागणी वाढली. आधी ट्रॅक्टरच्या जातीची इंजिने जीपमध्ये आली. मग 1980 च्या दशकात इगतपुरीच्या कारखान्यात फ्रान्सच्या पूजो कंपनीच्या परवान्याने 2.1 लिटरची डिझेल इंजिने बनू लागली आणि एमएम 540 सारख्या गाड्यांना ती लागली. डिझेलची बचत आणि लांब बांधणी यांतून वेगळाच उपयोग निघाला. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात या गाड्या ‘वडाप’ म्हणून धावू लागल्या. एसटी नसलेल्या वाटेवर माणसे कोंबून नेणाऱ्या या गाड्यांना चारही चाकांची ओढ परवडणारी नव्हती. त्यातल्या बहुतेक मागच्या दोन चाकांवर चालत. जीपचा चेहरा घरोघरी ओळखीचा झाला, पण फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांची ओढ, हा वेगळे पैसे मोजून घ्यायचा प्रकार ठरला.

ज्यांनी ते पैसे मोजले, त्यांच्या गाड्या तीस-चाळीस वर्षे चालल्या. त्यामागे तीन कारणे होती. पहिले, वर्षानुवर्षे मूळ रचना तीच राहिल्याने एका सालचा भाग दुसऱ्या सालच्या गाडीला बसे. दुसरे, यंत्र उघडून दुरुस्त करता येणारे होते. तालुक्याच्या गॅरेजमधला मिस्त्री ट्रान्स्फर केस उतरवून बेअरिंग बदलू शकत होता. तिसरे कारण मालकाच्या सवयीत होते. ग्रीस वेळेवर मारणे, गिअर तेलाची पातळी पाहणे, पाट्यांचे बुश आणि जॉइंटचे क्रॉस खडखडण्याआधी बदलणे आणि डांबरावर पुढचा आस सोडणे, हे ज्यांनी पाळले त्यांची जीप मुलाच्या हाती गेली. ज्यांनी फोर-व्हील लावून हमरस्त्यावर गाडी पळवली, त्यांना लवकरच आसातल्या क्राउन-पिनियन गिअरांचा आवाज ऐकू येऊ लागला.

गोव्यात कुळे येथून दूधसागर धबधब्याकडे जाणाऱ्या जीप या शिस्तीचे चांगले उदाहरण आहेत. वाटेत ओढ्याचे पाणी ओलांडावे लागते. चालून तापलेला आस थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि श्वास-नळीतून पाणी आत ओढले जाते. आसातले काळपट तेल मग दुधाच्या चहासारखे दिसू लागते. असे तेल वंगण देत नाही. म्हणून पाण्यातून वारंवार जाणाऱ्या गाडीचे तेल किलोमीटरचा हिशोब न पाहता तपासावे लागते, आणि श्वास-नळी उंच बांधून घ्यावी लागते.

डिसेंबर 1985 मध्ये मारुतीची जिप्सी आली. सुझुकीच्या जिम्नीवर बेतलेली ही गाडी जीपपेक्षा पुष्कळ हलकी होती. सुरुवातीला तिचे इंजिन 970 सीसीचे होते, 1996 मध्ये 1300 सीसीचे आले. तिच्या पुढच्या चाकांच्या मध्यावर हाताने फिरवायची चकती होती. ती मोकळी ठेवली की पुढचा आस, दांडा आणि गिअर विनाकारण फिरत नसत. झीज कमी आणि पेट्रोलची बचत. चिखल आला की खाली उतरून दोन्ही चकत्या फिरवायच्या, मग आत बसून दांडा ओढायचा. सैन्य, पोलीस, गिर्यारोहक आणि हिमालयातल्या शर्यतींतले चालक या सर्वांनी तिच्यावर भिस्त ठेवली. अपघात-सुरक्षा आणि धुराचे नवे नियम आल्यावर 2018-19 च्या सुमारास बाजारासाठी तिचे उत्पादन थांबले.

जीप आणि जिप्सी या कामाच्या गाड्या होत्या. घरच्या माणसांना त्यांत धक्के आणि धूळ सोसावी लागे. कुटुंबाला समोर ठेवून बांधलेल्या उंच गाड्या पुण्याने दिल्या. टाटांची सिएरा 1991 मध्ये आली, सुमंत मुळगावकरांच्या नावावरून नाव घेतलेली सुमो 1994 मध्ये आणि सफारी 1998 मध्ये. सफारीच्या फोर बाय फोर प्रकारात दांड्याऐवजी डॅशबोर्डवरची कळ फिरवून पुढचा आस जोडता येई. 2002 मध्ये नाशिकहून स्कॉर्पिओ आली. ती आधी मागच्या चाकांवर चालणारी होती, चार चाकांची ओढ नंतर मिळाली. या गाड्यांत वातानुकूलन होते, नरम बैठका होत्या, पण जोड-पेटीची मूळ तऱ्हा जीपचीच होती. डांबरावर आस सोडावाच लागे, आणि बहुसंख्य कुटुंबे दोन चाकांचाच प्रकार घेत.

डांबरावरही चारही चाकांची ओढ कायम ठेवता येईल, अशी गाडी परदेशात याआधीच घडली होती. 1966 मध्ये इंग्लंडच्या जेन्सन एफएफने ती कल्पना महागड्या मोटारीत आणली, 1970 च्या रेंज रोव्हरने मधला डिफरन्शियल देऊन ती शेतावरच्या वाहनात आणली. दोन आसांमधला फरक हा डिफरन्शियल सतत वाटून घेतो, त्यामुळे ताण साठत नाही. जपानच्या ईशान्येकडील बर्फाळ भागात वीजवाहिन्यांची पाहणी करण्यासाठी तोहोकू वीज कंपनीला उबदार, आरामशीर गाडी हवी होती. त्या मागणीतून सुबारूची चार चाकांची स्टेशन वॅगन जन्मली आणि 1972 मध्ये लिओन नावाने बाजारात आली. ती साध्या कौटुंबिक गाडीच्या किमतीत मिळू लागली, पण तिचा मागचा आस अजून गरजेपुरताच जोडायचा होता. 1980 च्या ऑडी क्वाट्रोने कायमची ओढ वेगवान रस्त्यावर आणली आणि शर्यतींत ती सिद्ध केली. यापुढे चार चाकांचा अर्थ पाऊस आणि बर्फातली सुरक्षा असाही झाला.

भारतात हा नवा अर्थ मुख्यतः 2010 नंतर पसरला. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जुळणी झालेली स्कोडा यती, 2011 ची चाकणची एक्सयूव्ही 500, 2014 ची डस्टर या गाड्यांच्या चारही चाकांना ओढ देणाऱ्या प्रकारांत दांडा नव्हता. एरवी पुढची चाकेच ओढतात. ती घसरू लागल्याचे संवेदकांनी सांगितले की तेलात बुडालेल्या क्लच-चकत्या दाबल्या जातात आणि मागच्या आसाला ओढ मिळते. 2017 मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावात जीप कंपास बनू लागली. तिच्याही एका प्रकारात हीच रचना होती. माझगावात पहिली जीप जुळल्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी तेच नाव पुन्हा महाराष्ट्रात घडू लागले, पण आस कधी जोडायचा हे आता संगणक ठरवू लागला. जुन्या दांड्याची परंपरा नाशिकच्या थारने 2010 पासून पुढे नेली.

निर्णय यंत्राकडे गेला, तरी मालकाची जबाबदारी संपली नाही. तिचे रूप बदलले. या रचनेत चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले असावे लागतात. दोन नवे आणि दोन झिजलेले टायर बसवले, तर त्यांचा घेर वेगळा पडतो. सरळ रस्त्यावरही दोन आस वेगळ्या गतीने फिरतात आणि क्लच-चकत्या सतत घासत, तापत राहतात. म्हणून टायर आळीपाळीने जागा बदलून वापरायचे आणि शक्यतो चारही एकदम बदलायचे. क्लच-पेटीचे आणि मागच्या आसाचे तेल इंजिन तेलाबरोबर बदलले जात नाही. ते सांगून करून घ्यावे लागते. बंद पडलेली गाडी दोन चाके उचलून ओढून नेली, तर पेटीचे नुकसान होऊ शकते. ती चारही चाके वर घेऊन न्यायची.

दीर्घ मालकीवर आता कायद्याचीही मर्यादा आहे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, मग तंदुरुस्तीची तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. जी जीप एकेकाळी सरकारी कारभाराचे चिन्ह होती, तिच्या जातीची 15 वर्षांपुढील सरकारी वाहने 1 एप्रिल 2023 पासून मोडीत काढण्याचा नियम लागू झाला. जुन्या जीप आता मुख्यतः हौशी मालकांकडे आणि कुळ्यासारख्या ठिकाणी कामावर दिसतात.

माझगावच्या जीपमध्ये दोन आसांतला फरक जिरवण्याचे काम चालवणाऱ्याचा हात करी. रांजणगावच्या गाडीत ते चकत्या करतात. पहिलीत चूक झाली की स्टिअरिंग जड होऊन हाताला लगेच कळे. दुसरीत झीज आतल्या आत होते आणि कळते तेव्हा संपूर्ण पेटी बदलण्याची वेळ आलेली असते. म्हणून नव्या गाडीच्या मालकाला, जुन्या जीपवाल्याच्या हाताला जे कळे ते आता वहीत लिहून ठेवावे लागते: तेल कधी बदलले, टायर कधी, किती किलोमीटरवर.