न्यूपोर्ट : हिरवळीवरचे टेनिस आणि समुद्रकाठचे गाव

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात न्यूपोर्ट हे शहर वसले आहे. लोकसंख्या जेमतेम पंचवीस हजार. मुंबईतील एखाद्या प्रभागातही याहून अधिक माणसे राहतात. तरीही अमेरिकी टेनिसचा इतिहास या गावाला वगळून लिहिता येत नाही. अमेरिकेची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १८८१ मध्ये येथेच झाली. आज जगभर 'यूएस ओपन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेचे हे मूळ गाव. भारतीय टेनिसरसिकांना न्यूपोर्ट जवळचे वाटावे, याचे कारण मात्र वेगळे आहे. विजय अमृतराज आणि लिअँडर पेस या दोघांच्याही कारकिर्दीतील मानाची पाने याच हिरवळीवर लिहिली गेली आहेत.

जुगाराविना कॅसिनो

शहराच्या बेलव्ह्यू अव्हेन्यू या प्रशस्त रस्त्यावर 'न्यूपोर्ट कॅसिनो' ही लाकडी नक्षीकामाची इमारत उभी आहे. नाव कॅसिनो असले तरी जुगाराशी तिचा संबंध नाही. एकोणिसाव्या शतकात उच्चभ्रूंच्या करमणुकीच्या क्लबला हा शब्द वापरला जाई. 'न्यूयॉर्क हेराल्ड'चे मालक जेम्स गॉर्डन बेनेट (धाकटे) यांनी ती बांधवून घेतली आणि १८८० मध्ये ती खुली झाली. मॅकिम, मीड अँड व्हाइट या पुढे विख्यात झालेल्या वास्तुरचनाकारांच्या संस्थेचे हे सुरुवातीच्या काळातील काम. पुढे दुकानांची रांग, कमानीतून आत गेल्यावर नालाच्या आकाराचा सज्जा आणि त्यापलीकडे हिरवीगार मैदाने, अशी तिची रचना आहे.

दुसऱ्याच वर्षी येथे राष्ट्रीय स्पर्धा भरली आणि रिचर्ड सिअर्स विजेता ठरला. सलग सात वर्षे विजेतेपद त्याच्याकडेच राहिले. १९१५ मध्ये ही स्पर्धा न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्स येथे हलविण्यात आली. प्रेक्षक, पत्रकार आणि पैसा महानगरात होता. न्यूपोर्टकडे होती ती केवळ परंपरा.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इमारतीला उतरती कळा लागली होती आणि ती पाडून तेथे दुकाने उभारण्याचा घाट घातला जात होता. जेम्स व्हॅन अ‍ॅलन या टेनिसवेड्या गृहस्थाने तिला वाचविले. त्यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये येथे टेनिसचे 'हॉल ऑफ फेम' स्थापन झाले. टेनिसमधील लांबत जाणाऱ्या सेटना आळा घालणाऱ्या 'टायब्रेक'ची कल्पनाही व्हॅन अ‍ॅलन यांचीच. १९६५ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना न्यूपोर्टला बोलावून त्यांनी आपली गुणपद्धती आजमावून पाहिली. पाच वर्षांनी यूएस ओपनने टायब्रेक स्वीकारला.

मद्रास, कलकत्ता आणि न्यूपोर्ट

पुरुषांची व्यावसायिक स्पर्धा येथे १९७६ पासून नियमित होऊ लागली आणि पहिल्याच वर्षी विजय अमृतराज विजेता ठरला. १९८० आणि १९८४ मध्येही त्याने हा करंडक जिंकला. हा योगायोग नव्हता. न्यूपोर्टच्या गवतावर चेंडू फारसा उसळत नाही, घसरत पुढे जातो. समुद्रावरचा वारा त्यात भर घालतो. मागे उभे राहून ताकदीचे फटके मारणाऱ्यापेक्षा जाळ्यापाशी धावून येणाऱ्या, हलक्या हाताने चेंडू टिपणाऱ्या खेळाडूला येथे झुकते माप मिळते. त्या काळातील भारतीय टेनिसही हिरवळीवरच वाढलेले होते. त्यामुळे मद्रासच्या या उंच्यापुऱ्या खेळाडूला परक्या किनाऱ्यावर घरचेच मैदान लाभले.

अमृतराज कुटुंबाने मद्रासमध्ये चालविलेल्या अकादमीत घडलेला लिअँडर पेस १९९८ मध्ये याच मैदानावर उतरला. वडिलांकडून गोव्याशी नाते सांगणाऱ्या, कलकत्त्यात वाढलेल्या लिअँडरने अंतिम फेरीत दक्षिण आफ्रिकेच्या नेव्हिल गॉडविनला ६-३, ६-२ असे हरविले. दुहेरी आणि मिश्र दुहेरीत मिळून अठरा ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळविणाऱ्या पेसचे एटीपी मालिकेतील एकेरीचे हे एकमेव विजेतेपद होय. २०१८ मध्ये रामकुमार रामनाथनही येथे अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. परंतु स्टीव्ह जॉन्सनने त्याला तीन सेटमध्ये रोखले.

२० जुलै २०२४ रोजी गुरू आणि शिष्य म्हणता येतील अशा या दोघांना, अमृतराज आणि पेस यांना, एकाच समारंभात हॉल ऑफ फेममध्ये स्थान देण्यात आले. हा मान मिळविणारे ते आशियातील पहिले पुरुष टेनिसपटू ठरले. महिलांमध्ये चीनच्या ली ना हिला तो आधीच, २०१९ मध्ये मिळाला होता.

दर्जा घटला, स्पर्धा टिकली

त्याच जुलैमध्ये न्यूपोर्टने एका पर्वाचा शेवटही पाहिला. एटीपीच्या मुख्य मालिकेतील २५० गुणांची स्पर्धा म्हणून २०२४ चे वर्ष अखेरचे ठरले. विम्बल्डननंतर लगेच अटलांटिक ओलांडून पुन्हा गवतावर खेळायला अव्वल खेळाडू फारसे उत्सुक नसत. पुढचा सारा हंगाम कठीण पृष्ठभागावर असे. त्यातच एटीपीने मोठ्या स्पर्धांचा कालावधी वाढविण्याचे आणि २५० गटातील स्पर्धा कमी करण्याचे धोरण स्वीकारले. २०२५ पासून येथे पुरुषांची चॅलेंजर १२५ आणि महिलांची डब्ल्यूटीए १२५ अशी संयुक्त स्पर्धा होते.

नावाजलेले खेळाडू पाहण्याची अपेक्षा ठेवणाऱ्यांची यामुळे निराशा होईल, हे खरे. मात्र दुय्यम दर्जाची स्पर्धा पाहण्यात वेगळी मौज आहे. प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात फारसे अंतर नसते. रॅकेटचा आवाज, खेळाडूचा श्वास, पंचांशी झालेली कुरबूर सारे स्पष्ट ऐकू येते. मानांकनाच्या पायऱ्या चढू पाहणाऱ्या खेळाडूसाठी येथील प्रत्येक गुण पोटापाण्याचा प्रश्न असतो. शिवाय महिलांचे सामनेही त्याच तिकिटात पाहायला मिळतात.

सामन्यांपलीकडचे गाव

दुपारचे सामने आटोपल्यावर समुद्राकडे निघावे. खडकाळ किनाऱ्याच्या कडेने जाणारी 'क्लिफ वॉक' ही सुमारे साडेपाच किलोमीटरची पायवाट सर्वांना विनामूल्य खुली आहे. एका बाजूला अटलांटिक महासागर आणि दुसऱ्या बाजूला एकोणिसाव्या शतकातील धनाढ्यांचे वाडे. रेल्वेसम्राट कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट (दुसरे) यांचा १८९५ मधील 'द ब्रेकर्स' हा सत्तर खोल्यांचा प्रासाद त्यांत सर्वांत भव्य. वर्षातील काही आठवड्यांच्या वास्तव्यासाठी बांधलेल्या या वाड्यांना त्यांचे मालक 'कॉटेज' म्हणत! मार्च २०२२ मध्ये या पायवाटेचा एक भाग समुद्रात कोसळला. वाढत्या लाटांपुढे संपत्तीच्या भिंतीही किती तोकड्या आहेत, याची ती जाणीव होती.

गावाचा जुना भाग त्याहून दीडशे-दोनशे वर्षे मागे नेतो. न्यूपोर्टची स्थापना १६३९ ची. धर्मस्वातंत्र्य मानणाऱ्या या वसाहतीत अनेक पंथांना आसरा मिळाला. १७६३ मधील टूरो सिनेगॉग हे अमेरिकेतील आज उभे असलेले सर्वांत जुने ज्यू प्रार्थनास्थळ. याच बंदरातून आफ्रिकी गुलामांचा व्यापारही चालला आणि त्यावर अनेक व्यापारी गबर झाले. फेअरवेल स्ट्रीटवरील दफनभूमीत 'गॉड्स लिटल एकर' नावाचा भाग आहे. गुलाम आणि मुक्त आफ्रिकी माणसांच्या अठराव्या शतकातील कोरीव शिळा तेथे पाहायला मिळतात. वाड्यांचे वैभव पाहणाऱ्याने येथेही काही क्षण थांबले पाहिजे.

बंदरालगतचा थेम्स स्ट्रीट हा खाण्यापिण्याचा रस्ता. लंडनच्या नदीचा उच्चार 'टेम्स' असला तरी स्थानिक लोक या रस्त्याला 'थेम्स'च म्हणतात. शिंपल्यांचे दाट सूप आणि लॉबस्टर ही येथील खासियत. शाकाहारी पाहुण्यांनी निदान 'कॉफी मिल्क' चाखावे. कॉफीचा गोड पाक घातलेले हे थंड दूध १९९३ पासून राज्याचे अधिकृत पेय आहे.

जाण्यापूर्वी

न्यूपोर्टला जाण्यासाठी बोस्टनहून रस्त्याने सुमारे दीड ते दोन तास लागतात. प्रॉव्हिडन्स शहरातून बससेवा आहे, उन्हाळ्यात फेरीबोटही मिळते. जुलै-ऑगस्ट हा गर्दीचा हंगाम. त्याच काळात लोकसंगीत आणि जॅझचे प्रसिद्ध महोत्सवही भरतात, त्यामुळे निवासाचे दर चढे असतात. स्पर्धेच्या तारखा दरवर्षी तपासून मगच आरक्षण करणे श्रेयस्कर. हॉल ऑफ फेमचे संग्रहालय मात्र स्पर्धेच्या आठवड्याबाहेरही पाहता येते. विशेष म्हणजे येथील हिरवळीवर सामान्य पाहुण्यालाही शुल्क भरून खेळता येते. विम्बल्डनच्या हिरवळीवर अशी मुभा नाही.

१९१५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा गेली, १९८३ मध्ये अमेरिका चषकाची नौकानयन शर्यत ऑस्ट्रेलियाने नेली, २०२४ नंतर एटीपी मालिकेतील स्थानही गेले. प्रत्येक वेळी मोठे ते निघून गेले. या गावाने मागे उरलेले तेवढेच जतन केले, आणि दर उन्हाळ्यात गवत कापून, रेषा आखून नव्या खेळाडूंसाठी मैदान सज्ज ठेवले.