पेडणे तालुक्यातील रेल्वे : वाढलेल्या गाड्या आणि स्थानिक प्रवासी

कोकण रेल्वेने महाराष्ट्रातून गोव्यात शिरणाऱ्या गाडीला राज्यातील पहिले स्थानक लागते ते पेडणे. त्यानंतर थिवी, करमळी, वेर्णा, माजोर्डा, मडगाव, बाळ्ळी करीत मार्ग काणकोणहून कर्नाटकात उतरतो. हळर्ण आणि शापोरा नदीकाठच्या गावांना पेडणे व थिवी ही दोन स्थानके सोयीची आहेत. तेथवर पोहोचण्यासाठी मात्र बस किंवा स्वतःचे वाहन हवे.

कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना जुलै १९९० मध्ये झाली. केंद्राबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, केरळ आणि गोवा या राज्यांनी भांडवल घातले; त्यात गोव्याचा वाटा सहा टक्के होता. रोहा ते ठोकूर या सुमारे ७४० किलोमीटरच्या मार्गाला सर्वाधिक अडथळे गोव्यातच आले. किनारपट्टीऐवजी अंतर्भागातून रूळ न्यावेत यासाठी मोठे आंदोलन झाले. १९९३ मध्ये न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमला गेला. त्यानंतरही मूळ आखणीच बहुतांशी कायम राहिली.

दुसरा अडथळा जमिनीचा होता. पेडण्याच्या बोगद्याची लांबी दीड किलोमीटरच्या आसपास, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यापुढे तो किरकोळच. परंतु येथे कठीण कातळाऐवजी पाण्याने भिजलेली मऊ माती लागली. खोदावे तेवढे ढासळत गेले, मजुरांचे बळी गेले आणि सगळा मार्ग तयार असूनही या एका दुव्यासाठी खोळंबला. २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग वाहतुकीस खुला झाला. ती माती अजूनही शांत झालेली नाही. ६ ऑगस्ट २०२० च्या पहाटे बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला. त्यानंतर महिन्याहून अधिक काळ गाड्या पनवेल, पुणे, मिरज, लोंढामार्गे वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये बोगद्यात पाणी आणि चिखल शिरल्याने वाहतूक पुन्हा ठप्प झाली.

गेल्या काही वर्षांत सेवा सुधारली, हे मान्य करावे लागेल. संपूर्ण मार्गाच्या विद्युतीकरणाचे लोकार्पण २० जून २०२२ रोजी झाले. मुंबई-मडगाव वंदे भारत २७ जून २०२३ पासून धावू लागली. ती उत्तर गोव्यात थिवीला थांबते. ऑगस्ट २०२४ मध्ये वांद्रे-मडगाव एक्स्प्रेसची भर पडली आणि पश्चिम उपनगरांतील गोमंतकीयांची दादर-ठाण्याची धावपळ वाचली. मुंबईला जाणाऱ्याच्या दृष्टीने हे सगळे चांगलेच आहे.

प्रश्न पेडण्याहून करमळीला किंवा मडगावला रोज कामावर जाणाऱ्याचा आहे. कोकण रेल्वेचा बहुतेक मार्ग अजूनही एकेरी आहे; दुपदरीकरण झाले ते रोहा ते वीर या सुमारे ४७ किलोमीटरचे, ऑगस्ट २०२१ मध्ये. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी दुसरीला स्थानकातील बाजूच्या रुळावर थांबावे लागते. थांबायचे कोणी, हे गाडीच्या मानावर ठरते आणि या उतरंडीत पॅसेंजर सर्वांत खाली. म्हणजे जलद गाड्या जितक्या वाढतील, तितकी संथ गाडी अधिक रखडणार. सावंतवाडी-मडगाव पॅसेंजर किंवा कारवार-पेडणे डेमू यांसारख्या गाड्या स्थानिकांच्या खऱ्या उपयोगाच्या. पण कार्यालयाची वेळ गाठण्यासाठी त्यांच्यावर विसंबणारे थोडेच.

यावर दुपदरीकरणाइतका खर्चिक नसलेला उपाय म्हणजे नवी क्रॉसिंग स्थानके. थिवी आणि करमळी यांच्यामधील मोठे अंतर तोडणारे मये स्थानक याच कारणासाठी झाले. डिचोली तालुक्याच्या नकाशावर त्यामुळे रेल्वे स्थानक आले खरे, परंतु क्रॉसिंग स्थानक म्हणजे गाड्या एकमेकींना ओलांडण्याची जागा. तेथे प्रवासी गाडीला अधिकृत थांबा मिळणे ही वेगळी मागणी आहे आणि ती वेगळीच करावी लागते. लोकप्रतिनिधींच्या निवेदनांत या दोन गोष्टींची सरमिसळ वरचेवर होते.

पावसाळी वेळापत्रकाची नोंदही प्रवाशांनी ठेवावी. दरडींच्या भीतीने या काळात वेग कमी केला जातो. पूर्वी हे वेळापत्रक १० जून ते ३१ ऑक्टोबर असे. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर इतके आखडले. तेवढ्या दिवसांत नेहमीची वेळ धरून स्थानकावर गेल्यास गाडी चुकू शकते, कारण काही गाड्या आधीच्या स्थानकावरून लवकर सोडल्या जातात.

महामंडळाचे भारतीय रेल्वेत विलीनीकरण करण्यास महाराष्ट्राने मे २०२५ मध्ये संमती दिली. इतर तीन राज्यांची आधीच होती. कर्जाचा भार वाहणाऱ्या महामंडळाला दुपदरीकरणाचा खर्च पेलणारा नाही, हा त्यामागील मुख्य युक्तिवाद. दुपदरीकरण उद्या मंजूर झाले, तरी पेडण्याच्या त्या मातीतून दुसरा बोगदा काढावा लागेल. तोवर मोपाच्या मनोहर विमानतळामुळे वाढलेली वर्दळ आणि हळर्णसारख्या गावांची गरज लक्षात घेऊन पेडणे स्थानकाला गाड्यांच्या वेळेशी जुळणाऱ्या कदंब बसगाड्या देता येतील. त्यासाठी केंद्राच्या मंजुरीची गरज नाही.