शेतात हरणं येतात? ट्रॅप कॅमेरा असा लावा

डिसेंबर 2024 मध्ये येडशी रामलिंग अभयारण्यात वाघ आल्याचं पक्कं झालं ते ट्रॅप कॅमेऱ्यामुळंच. पट्ट्यांवरून तो यवतमाळच्या टिपेश्वरचा निघाला. हाच कॅमेरा आपल्या बांधावरही कामाचा आहे. रात्रीतून हरभरा कुणी खाल्ला, काळविटानं, चिंकाऱ्यानं की रानडुकरानं, हे तारीख-वेळेसह दिसतं.

अंगात ऊब असलेलं काही समोरून गेलं की सेन्सर फोटो काढतो. रात्री इन्फ्रारेड प्रकाश वापरतो, म्हणून फोटो काळा-पांढरा येतो.

चिंकारा खांद्यापाशी जेमतेम सव्वादोन फूट. त्यामुळं कॅमेरा गुडघ्याच्या थोडा वर बांधा. माणसाच्या उंचीला बांधला तर नुसती पाठ येते. हरणांच्या वाटेपासून दहा-बारा फूट लांब, जरा तिरका, तोंड उत्तरेला. पूर्व-पश्चिमेला ठेवला तर सूर्य थेट आत शिरतो. समोरचं गवत कापाच, नाहीतर वाऱ्यानं हललेल्या पाल्याचेच शेकडो फोटो! उन्हाळ्यात भर दुपारी हवाच अंगाइतकी तापते, तेव्हा सेन्सर फसतो. तारीख-वेळ आधी तपासा, ती चुकली तर पुरावा म्हणून फोटोला काय अर्थ?

नुकसान दिसलं की 3 दिवसांत वन विभागाकडे अर्ज द्या. भरपाई पंचनाम्यावर ठरते, फोटो जोडीला. अभयारण्यात परवानगीशिवाय कॅमेरा लावू नका. आणि कळप कुठं बसतो ते फोटोत आलं तर ग्रुपवर टाकू नका, शिकारीही तेच ग्रुप बघतात.