ख्रिस्ती उपासनेत 'आराधना' म्हणजे नेमकं काय?

चर्चमधली प्रार्थना म्हणजे देवाकडे काहीतरी मागणं, असा अनेकांचा समज असतो. पण ख्रिस्ती उपासनेत मागणीपेक्षा वेगळी अशी आराधनाही असते. देवाने जे दिलं त्याबद्दल मानलेले आभार म्हणजे उपकारस्तुती. आराधनेत मात्र देव देव आहे, एवढ्यासाठीच त्याचं गुणगान केलं जातं.

ती कशी व्यक्त होते?

गुडघे टेकून, हात उंचावून, कधी नुसतं शांत बसून. 'हालेलुया' हा मूळ हिब्रू शब्द. अर्थ 'परमेश्वराची स्तुती करा'. कॅथलिक मिस्सामध्ये 'पवित्र' हा शब्द तीनदा उच्चारला जातो. त्याचं मूळ बायबलमधल्या यशयाच्या ६व्या अध्यायात आहे.

मराठीत काय घडलं?

फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं. पुढे इंग्रजी काळात मिशनरींसोबत पाश्चात्त्य चालींवरची भाषांतरित गीतंही आली. धर्म बदलला म्हणून भक्तीची भाषाही बदलायची का, हा प्रश्न तेव्हा खरा होता. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनी त्याला आपल्या रचनांतून उत्तर दिलं. त्यांनी ख्रिस्तावर अभंग आणि भजनं रचली, कीर्तनाचा वापर केला. त्यांची अनेक गीतं 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहात आहेत.

म्हणूनच मराठी चर्चमध्ये ऑर्गनइतकेच टाळ आणि तबलाही परके वाटत नाहीत.