बल्बवाल्या एडिसनचं शेवटचं पीक

मागच्या महिन्यात आमचा दोन वर्षांचा प्रोजेक्ट एका मेलवर बंद झाला. टीममधले सगळ्यात सीनियर दादा त्याच आठवड्यात निघाले. बुके आणायला मला सीताबर्डीच्या फूलबाजारात पाठवलं. गुलाब, जर्बेरा आणि मध्ये मध्ये खोचलेल्या बारीक पिवळ्या फुलांच्या काड्या. हे काय, असं विचारलं तर दुकानदार म्हणाला, "हे तं भरतीचं आहे भाऊ, याचं नाव कोन इचारते?"

नाव आहे गोल्डन रॉड. सूर्यफूल, शेवंती, करडई यांच्याच कुळातलं. मूळचं मुख्यतः उत्तर अमेरिकेतलं रानफूल. एकदा रुजलं की जमिनीखालून वर्षानुवर्षं फुटत राहतं. आणि याच रानफुलापायी थॉमस एडिसनने आयुष्याची शेवटची वर्षं घालवली. हो, तोच, बल्बवाला!

झालं असं की 1876 मध्ये हेन्री विकम नावाच्या इंग्रजाने ब्राझीलमधून रबराच्या झाडाचं बी लंडनला नेलं. त्यातून पुढे सिलोन आणि मलायात इंग्रजांचे रबराचे मळे उभे राहिले. 1922 मध्ये भाव वाढवायला त्यांनी निर्यातीवर बंधनं घातली. इकडे अमेरिकेत फोर्डच्या गाड्या धडाधड निघतायत आणि टायरसाठी सगळे एकाच व्हेंडरच्या भरवशावर. आमच्याकडे असं आर्किटेक्चर कोणी रिव्ह्यूला आणलं तर त्याची काही खैर नाही.

म्हणून 1927 मध्ये हेन्री फोर्ड, टायरवाले हार्वी फायरस्टोन आणि एडिसन यांनी प्रत्येकी 25,000 डॉलर घालून संशोधन कंपनी काढली. प्रयोगशाळा फ्लोरिडात, फोर्ट मायर्सला. एडिसनचं वय तेव्हा 80! रबराचं झाड चीक द्यायलाच पाच-सहा वर्षं घेतं. उद्या युद्ध लागलं तर तोवर थांबणार कोण? त्याला हवं होतं वर्षभरात कापणीला येणारं, मशीनने कापता येणारं, घरचं पीक.

पद्धत त्याची नेहमीचीच, सरळ ब्रूट फोर्स. बल्बच्या तारेसाठीही त्याने असंच काय काय जाळून पाहिलं होतं, शेवटी बांबू सापडला. इथे सुमारे 17,000 वनस्पतींचे नमुने तपासले आणि जिंकलं गोल्डन रॉड. याचं रबर पानांत असतं. मग चांगली रोपं निवडायची, पुन्हा लावायची, पुन्हा निवडायची. तीन-चार फुटांचं झुडूप 12 फुटांवर गेलं, रबराचं प्रमाण 12 टक्क्यांपर्यंत.

आकडा वाढला, पण रबर चांगलं नव्हतं. गोल्डन रॉडमधल्या रबराच्या रेणूंच्या साखळ्या आखूड असतात, त्यामुळे त्याला झाडाच्या रबरासारखी ताकद येत नाही. इथे मला आमचा डॅशबोर्ड आठवला. त्यावरचे हिरवे आकडे दर शुक्रवारी वाढायचे आणि ते ॲप वापरणारे लोक मात्र आधीइतकेच वैतागलेले.

शिवाय 1928 मध्ये इंग्रजांनी बंधनंच उठवली, मग मंदी आली, रबर स्वस्त झालं. 18 ऑक्टोबर 1931 ला एडिसन गेला. त्याच्यामागे काही वर्षं काम चाललं आणि थांबलं. दुसऱ्या महायुद्धात रबराची खरोखरच टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेला तारलं ते कारखान्यातल्या कृत्रिम रबराने.

फूल मात्र जगभर फिरलं. 1935 मध्ये शोभेसाठी चीनमध्ये गेलं आणि तिथे शेतात घुसणारं तण होऊन बसलं. आपल्याकडे महाराष्ट्रात शेतकरी ते बुके आणि सजावटीसाठी मुद्दाम लावतात. लागवड मुनव्यांपासून, म्हणजे मुळाशी फुटलेल्या कोंबांपासून करतात. दांडे कापले की बुडातून नवे फुटवे येतात, आणि एकदाच्या लागवडीवर काही वर्षं पीक निघतं.

दादांना फोनवर हे सगळं ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "काडी गॅलरीत लावली तर जगेल का रे?" म्हटलं, फुलोऱ्याची काडी नको, मुनवा पाहिजे. आता नर्सऱ्यांत विचारत फिरतोय. कुणाकडे असेल तर कळवा, दोन कुंड्यांपुरता हवाय.